तो पडद्यावर बोलला

लहानपणी मी बोलताना अडकायचो. अजूनही अडकतो. शाळेत हजेरी सुरू झाली की माझं नाव यायच्या आधीच 'हजर'मधला 'ह' घशात येऊन बसायचा. मी नुसता हात वर करायचो आणि सर पुढे जायचे. किराणा दुकानात साखर आणायला पाठवलं तर कधी कधी मी गूळ घेऊन यायचो, कारण त्या दिवशी 'सा' निघत नसे. घरच्यांना वाटायचं पोरगा विसराळू आहे. तो समज मी तसाच राहू दिला.

आमचं घर लाखनीत, हायवेला लागून. पुढे बाबांचं मोटर वायंडिंगचं दुकान, मागे आम्ही. मी सातवीत असताना मामेबहीण आमच्याकडे राहायला आली. ती आंबागडची. दहावी झाल्यावर मामांनी तिला पुढच्या शिक्षणासाठी आत्याकडे, म्हणजे माझ्या आईकडे ठेवलं. मी तिला ताई म्हणायचो. ताईचा त अडकला तर ती काही न बोलता थांबायची. हे लिहायला छोटं वाटतं, पण तोवर माझं वाक्य माझ्याकडून ऐकण्याइतका वेळ कोणी दिला नव्हता. बाकी सगळे ते पूर्ण करून टाकायचे, आणि बहुतेक वेळा चुकीचं.

त्याच वर्षी टीव्हीवर एक जपानी कार्टून मालिका लागायची, हिंदीत डब केलेली. संध्याकाळी, आम्ही दोघं शाळा-कॉलेजातून आल्यावर. तिचा नायक फुटक्या घंटा दुरुस्त करत गावोगाव फिरायचा. सोबत एक म्हातारं खेचर, पाठीवर अवजारांची पेटी. गावात पोचला की लोक त्याच्याभोवती बसून आपापल्या कहाण्या सांगायचे. तो ऐकायचा. घंटा बोटानं वाजवून बघायचा, कान लावायचा, भट्टी पेटवायचा. कितीतरी वेळ पडद्यावर नुसता धूर, पाणी, डोंगर. भागाच्या शेवटी घंटा वाजायची आणि तो निघून जायचा. संपूर्ण भागात तो एखादा शब्द बोलायचा, पुष्कळदा तेवढाही नाही. आणि कोणी त्याला 'बोल ना' म्हणायचं नाही.

त्याला वाचा होती, हे महत्त्वाचं. तो मुका नव्हता. त्याला घाई नव्हती, इतकंच.

ताईला मालिका आवडायची, पण तिची तऱ्हा वेगळी. नायक डोंगराकडे बघत उभा राहिला की ती त्याच्या वतीनं बोलायची. "बाप्पा, या चढावर त माह्या खेचराचा जीव जाते आता!" किंवा, "या बुढीनं गंज गोष्टी सांगतल्या, पण चहाचं काही नाव काढून नाई राहिली." मी चिडायचो. मग हसायचो. हसताना मी कधीच अडकत नसे.

पुढे ती लग्न होऊन नाकाडोंगरीला गेली. मी आयटीआय करून बाबांच्या गादीवर बसलो. वायंडिंगचं काम मला मानवलं. तारेचे वेढे मोजताना बोलावं लागत नाही, आणि गिऱ्हाईक स्वतःच सगळं सांगतं: मोटर कशी जळाली, लाईन कधी येते, धानाला पाणी किती लागते. लग्न झालं, मूल झालं. ती मालिका मी मोबाईलवर पुन्हा दोनदा पाहिली. बायकोनं एक भाग पाहिला आणि विचारलं, "यात काही होत का नाही?"

मागच्या वर्षी ताईनं मोबाईलवर एक ट्रेलर पाठवला. त्या मालिकेवर सिनेमा निघाला होता, खरी माणसं घेऊन, हिंदीतही. ट्रेलरमध्ये नायक एक अक्षरही बोलत नव्हता. खेचरसुद्धा तसंच म्हातारं. खाली तिच्या आवाजातला निरोप होता: "नागपूरले लागन तवा जाऊ. तुये भाऊजी येत नाईत, त्याईले नको इचारू."

ती सकाळच्या गाडीनं तुमसरवरून भंडाऱ्याला आली, मी लाखनीहून. स्टँडवर भेटलो आणि तिथून पुढे नागपूरला एकाच एसटीनं गेलो. तिनं पिशवीत मुरमुऱ्याचा चिवडा आणला होता. मॉलच्या दारावर तपासणाऱ्या बाईनं तो काढून ठेवायला लावला. ताई म्हणाली, "ठेव बाई, पण खाऊ नोको, येताना घेऊन जाईन." ती बाईही हसली.

सिनेमा सुरू झाला. पहिलं दृश्य चांगलं होतं. धुकं, पायवाट, खेचराच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. मी खुर्चीत थोडा पुढे सरकलो. मग नायक एका म्हाताऱ्याजवळ येऊन बसला आणि त्यानं तोंड उघडलं. एका नावाजलेल्या नटाचा भरदार हिंदी आवाज त्याला दिला होता. तो म्हणाला की लहानपणी त्याच्या गावावर हल्ला झाला, घंटा फुटलेली होती म्हणून कोणाला इशारा मिळाला नाही, आई गेली, आणि तेव्हापासून त्यानं फुटक्या घंटा जोडत फिरायची शपथ घेतली आहे. हे सगळं त्यानं एका दमात सांगितलं. कुठे श्वासही घेतला नाही.

मला राग आला नाही. एखाद्या ओळखीच्या माणसाला हाक मारावी आणि वळल्यावर तो दुसराच निघावा, तसं काहीसं झालं. पुढे एक खलनायक आला, जो घंटा वितळवून तोफा बनवत होता. नायक खेचरावरून उडी मारून लढला. मध्ये एक मुलगी त्याला म्हणाली, "तुम कितना कम बोलते हो," आणि सभागृहात कोणीतरी मोठ्यानं हसलं. ती ताई होती.

मध्यंतरात ती म्हणाली, "हा त बहुतच बोलते रे. मले काही ठेवलंच नाई बोलाले."

आम्ही उठून गेलो नाही. तिकीट काढलं आहे, बघून घेऊ, असं दोघांचं न बोलता ठरलं. शेवटी नायकानं चौकात उभं राहून गावकऱ्यांना भाषण दिलं. घंटा वाजली, पण त्यावर इतकं संगीत चढवलं होतं की ती ऐकू आली नाही.

बाहेर एक पोरगी माईक घेऊन उभी होती. तिची मैत्रीण मोबाईलवर शूटिंग करत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होत्या, "कैसी लगी पिक्चर?" लोक अंगठा दाखवून पुढे जात होते. एरवी मी असल्या ठिकाणी रस्ता ओलांडतो. त्या दिवशी थांबलो.

"कशी वाटली, दादा?"

"ना... ना..." मी सुरू केलं. शब्द अडकला. पोरगीनं हसून माईक मागे घेतला. "नाही आवडली? ओके, थँक यू दादा!"

"थांब बाई," ताई म्हणाली. "तो बोलून राहिला."

पोरगी थांबली. मी बोललो. नायक मुळात गप्प होता, त्याचं गप्प असणं हीच गोष्ट होती, असं मी म्हणालो. लोकांना त्याच्याजवळ बोलावंसं वाटायचं ते तो मध्ये तोंड घालत नव्हता म्हणून. यांनी त्याला आई दिली, दुश्मन दिला, भाषण दिलं, आणि त्याचं ऐकणं काढून घेतलं. मधे 'घ'वर मी इतका अडकलो की मागून बाहेर पडणाऱ्यांची रांग पुढे सरकून गेली. तिनं माईक धरून ठेवला. हात दुखला असेल तिचा. झाल्यावर ती म्हणाली, "दादा, ये तो किसीने नहीं बोला." ताईनं चिवडा परत घेतला आणि आम्ही तो परतीच्या एसटीत खाल्ला. भंडाऱ्यापर्यंत ती सिनेमाला शिव्या देत होती.

आठवड्याभरात व्हिडिओ आला. बायकोनंच दाखवला. त्यात मी एकदाही अडकत नव्हतो. प्रत्येक अडखळ कापून टाकली होती. वाक्याला वाक्य चिकटलेलं, मान मधूनच झटका बसल्यासारखी हलायची, पण जीभ सरळ. लाखनीत तो बराच फिरला. गिऱ्हाइकं म्हणू लागली, "भाऊ, एकदम वकिलासारखे बोललात ना!" एकानं विचारलं, "इलाज केला का? कुठं केला?"

मी ते पुन्हा पाहिलं. माझाच शर्ट, माझाच चेहरा. ऐकायला बरं वाटत होतं हेही खरं. आयुष्यभर असं बोलावं असं वाटलेलं, ते समोर होतं. आणि तरी मी ते बंद केलं.

ताईचा फोन आला. "पाहिलं रे. हा तू नोहोय."

व्हिडिओखाली नंबर होता, त्यावर मी त्या पोरीला फोन लावला. फोन ही माझ्यासाठी सगळ्यात वाईट गोष्ट. समोरच्याला तोंड दिसत नाही, त्याला वाटतं लाईन कटली. ती दोनदा हॅलो हॅलो करत राहिली, पण तिनं ठेवला नाही. मी म्हणालो, न कापलेला टाका.

"दादा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी कापलं. आणि लोक एवढा वेळ थांबत नाहीत हो."

"न... नाही थांबले तर नाही थांबले."

तिनं टाकला. अख्खा, रांगेसकट, ताईच्या 'थांब बाई'सकट. तो फारसा कोणी पाहिला नाही. पाहिला त्यांच्यातल्या एकानं खाली लिहिलं की आवाज खराब आहे, रेंज नसेल. एका बाईनं लिहिलं की तिचा मुलगा पण असाच बोलतो, आणि त्यानं तो शेवटपर्यंत पाहिला. तिला मी लिहून उत्तर दिलं. तिचं काही पुन्हा आलं नाही.

बायकोचं मत मात्र पहिल्याच व्हिडिओच्या बाजूनं आहे. त्यात माझी कॉलर नीट दिसते, असं ती म्हणते.