गार गाडी

गाडी तापली की सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. गार राहिली तर कुणाच्या बापाचं काही जात नाही, असंच आमच्या गॅरेजात सगळे धरून चालायचे. माझ्या बापासकट.

बाबा नाशकातले जुने डिझेल मिस्त्री. कॉम्प्युटरवाल्या डिझेल गाड्या आल्या तेव्हा त्यांनी हात वर केले आणि ते खातं माझ्याकडे आलं. मी लॅपटॉप लावून गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलायचे. इंजिनाचं पाणी किती तापलं असताना जास्तीत जास्त किती डिझेल सोडायचं, याचा एक तक्ता त्यात असतो. इंजिन फार गार असेल तर हात आखडता, फार तापलं तरी आखडता. मधल्या पट्ट्यात पूर्ण ताकद. पोरगी गाडीचा कॉम्प्युटर उघडते म्हणून बघे जमायचे. मी एकदा खेकसले की पांगायचे.

एका थंडीत पेठकडच्या डोंगरातला एक जीपवाला आला. आमचं जुनं गिऱ्हाईक. "ताई, घाटात गाडी दम सोडती. ते लिमिट का काय ते वाढवून द्या."

"घाई आहे का?" मी सहज विचारलं.

बायकोचे दिवस भरत आले होते. मागच्या थंडीतही भरले होते. पहाटे तिला घेऊन निघाला, तर जीप घाटात रांगायला लागली. नाशकात पोचेपर्यंत बाळ गेलं. "डॉक्टरीण बोलली, थोडं आधी आणलं असतं तर." हे त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं.

चढाला इंजिन तापत असणार, म्हणून कॉम्प्युटर डिझेल तोडत असणार, असा मी हिशेब केला. बाबांचंही तेच मत. मी तापलेल्या बाजूची लिमिट थोडी वाढवली. दोन दिवसांनी तो परत दारात. "काय बी फरक नाय, ताई."

"असं कसं नाही?" माझं डोकंच फिरलं. "चल, मला घाट दाखव."

बाबाही मागे बसले. मांडीवर लॅपटॉप घेऊन मी पुढे. सकाळची वेळ, हवेत गारठा. चढ लागला, त्याने पाय पार तळाला दाबला आणि जीप अक्षरशः रांगायला लागली. मागून ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. मी तापमानाचा आकडा कधी चढतो याची वाट बघत होते, आणि तो मेला पन्नाशीच्या वर सरकायला तयार नाही.

बाबा पुढे वाकून कौतुकाने म्हणाले, "काटा बघ कसा खाली बसलाय. चढालासुद्धा! आहे का कुणाची गाडी एवढी गार?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडी तापतच नव्हती. कॉम्प्युटर बिचारा इंजिन गार आहे म्हणून डिझेल राखून ठेवत होता. मी जी लिमिट वाढवली, तिथपर्यंत ही जीप कधी पोचलीच नव्हती.

"मंग गारच्या बाजूला वाढवा ना," जीपवाला म्हणाला.

"नाही. गार इंजिनात जादा डिझेल ओतलं तर ते जळत नाही, ऑइलात उतरतं. भर घाटात इंजिन बसेल तुझं." मी मागे वळले. "बाबा, हिचा थर्मोस्टॅट कुठाय?"

थर्मोस्टॅट म्हणजे एक छोटीशी झडप. पाणी तापेपर्यंत ती गार करणाऱ्या रेडिएटरची वाट बंद ठेवते. जुन्या गाड्यांत ती अडकायची आणि इंजिनं उकळायची, म्हणून बाबा येईल त्या गाडीची काढून टाकायचे. न सांगता, फुकट. गिऱ्हाइकावर माया म्हणून.

"काढलाय," बाबा हळूच म्हणाले.

दुपारी नवा थर्मोस्टॅट बसवला. मी सगळी लिमिट मूळच्या जागी नेली आणि आम्ही परत घाटात गेलो. आकडा सत्तर, ऐंशी करत चढला आणि तिथे स्थिर झाला. जीप अशी ओढायला लागली की जीपवाल्याने स्टिअरिंगवर थापच मारली. "ताई, मानलं तुमच्या कॉम्प्युटरला!" मी हसले, पण मनात मागच्या थंडीपर्यंतचे महिने मोजत होते. बाबांनीही मोजले असणार.

गॅरेजात आल्यावर जीपवाला बाबांच्या पाया पडायला वाकला. बाबा मागे सरले.

"पाया पडू नको. ती झडप मी काढली होती. तू नवी गाडी घेऊन आलास ना, पहिल्या सर्व्हिसिंगला. गेल्या वर्षी, दिवाळीच्या आधी."

त्यांच्या तोंडावर हात ठेवावा असं मला वाटलं.

"दिवाळीच्या आधी," जीपवाला म्हणाला. मग जीपमध्ये बसला आणि निघून गेला.

मी बाबांवर भडकले. "काय गरज होती सांगायची? त्याला कधी कळलं असतं?"

"म्हणूनच सांगितलं," बाबा म्हणाले.

त्यानंतर त्यांचं जेवणावरून मन उडालं. रस्त्यावर जीपचा आवाज आला की हातातलं काम टाकून उभे राहायचे. माझा जीव टांगणीला. पेठकडून येणाऱ्या ड्रायव्हरला विचारायची हिंमत दोघांनाही होत नव्हती.

एका दुपारी ती जीप दारात थांबली. तो उतरला आणि पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला. "मुलगी झाली, ताई. पहाटं निघालो. घाटात कुठं थांबली नाय गाडी. आता घरी घेऊन चाललो दोघींना."

बाबा कामाच्या टेबलाशी पाठमोरे उभे होते. त्याने त्यांच्याकडे बघितलं, परत सीटवर जाऊन बसला आणि तिथून हाक मारली. "मिस्तरी, काटा बघून द्या एकदा."

बाबा फडक्याला हात पुसत गेले आणि खिडकीतून आत वाकले. मागच्या सीटवर त्याची बायको बसली होती. तिने एकदा बाबांकडे बघितलं आणि बाळाला पदराखाली घेतलं.

"बरोबर आहे काटा," बाबा म्हणाले.

जीप गेली. मी पुडा सोडून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात पुढे केला नाही.

"तुला दिलेत ते," म्हणाले, आणि कामाला लागले.