व्हर्लिनच्या तोंडातली नळी

…तर त्या गादीचं सांगायचं राहूनच गेलं. ती गादी व्हर्लिन श्राग आणि ट्वायला यांच्या लग्नातली. ती कुंपणाला टेकवून उभी करायची अक्कलही व्हर्लिनचीच. रॉकेटचं टोपण उडालं की गादीत रुतावं, शेजारच्या कोंबड्यांत घुसू नये, एवढाच हेतू.

व्हर्लिन म्हणजे अमेरिकेतल्या कॅन्ससच्या गव्हाच्या मुलखातला मेनोनाइट, हिंसा वर्ज्य मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा. बंदुकीला शिवायचं नाही म्हणून त्याच्या वाडवडिलांनी गावं सोडली, देश सोडले, पण शिवले नाहीत. आणि हा बाबा निवृत्त झाल्यावर हौसेच्या रॉकेटांसाठी ट्वायलाच्या दालचिनीच्या चमच्यानं बंदुकीची दारू मोजत बसे. चर्चमध्ये कुणी हटकलं तर म्हणे, ही दारू मारायची नव्हे, रॉकेटची हवाई छत्री उघडायची. तेही खरंच. रॉकेट वर जाऊन दमलं की पोटातलं उंची मोजणारं यंत्र ते ओळखतं आणि चिमूटभर दारू पेटवतं. टोपण उडतं, मागोमाग छत्री बाहेर पडते आणि रॉकेट नव्या नवरीच्या पावलांनी खाली उतरतं.

व्हर्लिनचं उतरत नसे, कोसळे. मागच्या दोन्ही खेपांना छत्री पोटातच राहिली आणि रॉकेट हार्ली उनरूच्या गव्हात मेखेसारखं ठोकलं गेलं. दुसऱ्या खेपेला तर मळणीयंत्राला चाटून. हार्ली त्याचा बालमित्र, आणि हौशी रॉकेटवाल्यांचा सगळा क्लब ज्या कुरणातून रॉकेटं उडवतो ते कुरणही हार्लीचंच. त्यानं शांतपणे सांगितलं, की आणखी एक जरी असं आलं तर फाटकाला कुलूप, सगळ्यांनाच. तेव्हापासून क्लबातली माणसं व्हर्लिनला बघून रस्ता बदलू लागली. क्लबात सुरक्षेचं बघणारी रामोना टीटर शाळेची बस चालवायची, तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. ती म्हणाली, छत्री बाहेर पडते हे आधी जमिनीवर, हार्लीच्या डोळ्यांदेखत दाखवा, मग शनिवारच्या उड्डाणाचं बघू.

व्हर्लिन कामाला लागला. यंत्र लोणच्याच्या बरणीत ठेवून ट्वायलाच्या व्हॅक्यूम क्लीनरनं हवा ओढली, तर यंत्राला वाटलं आपण आभाळात चाललो. हवा परत सोडली तसं त्याला वाटलं आता उतरतोय, आणि दारूच्या जागी जोडलेला नाताळचा दिवा पेटला. मग दारू बॅटरीवर वेगळी उडवून पाहिली, तीही उडाली. रामोना म्हणाली, वेगवेगळे सगळेच शहाणे असतात, एकत्र करून दाखवा.

आता पुरुषभर उंचीचं रॉकेट कुठल्या बरणीत मावणार? व्हर्लिननं रॉकेटची सगळी भोकं चिकटपट्टीनं बुजवली, एकात रबरी नळी खुपसली आणि दुसरं टोक स्वतःच्या तोंडात धरायचं ठरवलं. हवा ओढली की यंत्र वर चाललं, सोडली की खाली. ट्वायला म्हणाली, "इतकी वर्षं सूप ओढतोसच की, तेच कर."

बुधवारी दुपारी व्हर्लिनच्या अंगणात, हार्ली आणि रामोनासमोर, रॉकेट सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं, टोपण गादीकडे. आत खरी दारू. व्हर्लिननं गाल आत जाईतो हवा ओढली आणि नळीच्या टोकाला जीभ लावून धरली. नेमका त्याच वेळी कॅन्ससचा तो वारा सुटला आणि गादी भुईसपाट झाली. पडलेली वस्तू पडलेली ठेवणं हार्लीच्या रक्तात नव्हतं. तो गेला, त्यानं गादी उभी केली आणि पुन्हा पडू नये म्हणून तिच्यामागे स्वतःच उभा राहिला.

व्हर्लिनच्या तोंडचं पाणी पळालं, पण नळी सुटली नाही. सांगावं तर तोंड उघडावं लागणार आणि तोंड उघडलं की उडणार. त्यानं दोन्ही हात हलवले. ट्रक मागे घेताना असेच हात करतात, म्हणून हार्लीनं गादी थोडी डावीकडे घेतली. व्हर्लिननं आणखी जोरात हात हलवले, तेव्हा त्यानं ती उजवीकडे आणून टोपणाच्या बरोबर समोर धरली आणि बरोबर का म्हणून मान हलवली. व्हर्लिन आधी लाल झाला, मग जांभळा. ट्वायलाला वाटलं घास अडकला, म्हणून ती पाठीत गुद्दे घालू लागली.

क्लबाचा एक नियम आहे. उडवणाऱ्यानं आधी "सांभाळा!" असं ओरडायचंच. रामोनानं तो व्हर्लिनच्या हाडात भिनवला होता. श्वास संपला, टोपण तर उडणारच होतं, आणि नियमाचा माणूस म्हणून व्हर्लिन ओरडायला गेला.

आधी धडाम झालं, मग "सांभाळा".

टोपण गादीत रुतलं, गादी हार्लीवर आणि हार्ली पाठीवर. मागोमाग नारिंगी छत्री सळसळत बाहेर आली, वाऱ्यानं टम्म फुगली आणि दोरीत पाय अडकलेल्या हार्लीला गादीसकट कोंबड्यांच्या दिशेनं फरफटत घेऊन निघाली. रामोना धावत जाऊन छत्रीवर आडवी पडली, तेव्हा कुठे ती थांबली.

क्लबाचं कुरण गेलं, हे सगळ्यांनी मनात धरलंच होतं. हार्लीनं कानातला कापूस, गादीतला, उपसून काढला. छत्रीची शिवण चिमटीत धरून नीट पाहिली. मग म्हणाला, उघडते, आणि माणूस ओढण्याइतकी उघडते, तेव्हा शनिवारी फाटक उघडं राहील.

"पण व्हर्लिन," तो पुढे म्हणाला, "या खेपेला उडवायच्या आधी ओरडशील ना रे बाबा?"

व्हर्लिननं तोंडावरचा नळीचा वळ चोळला.

"ओरडेन की. शनिवारी रॉकेट आभाळात असेल हार्ली, माझं तोंड मोकळं असेल."