वाजली की नाही

पाचवीच्या वर्गाला इंग्रजीतले आवाजांचे शब्द शिकवत होते. हिस म्हणजे फुस्स, क्रीक म्हणजे करकर, थड म्हणजे धप्प. मी आखाडा बाळापूरला इंग्रजी शिकवते. प्रश्न विचारणारी मुलं मला मनापासून आवडतात, फक्त तास संपायला पाच मिनिटं असताना नाही. नेमकं तेव्हाच एकीनं विचारलं, "मॅडम, पोतं पडलं तरी थड अन् मानूस पडला तरी थडच काहून?"

पोरीचं म्हणणं बरोबर होतं. आपल्याकडे पोतं धप्पकन पडतं, माणूस धाडकन आणि पिकला आंबा टपकन. इंग्रजांनी सगळे एकाच दावणीला बांधलेत. "सोमवारी सांगते," म्हणून मी वेळ मारून नेली.

सोमवारसाठी खरेखुरे आवाजच फोनवर रेकॉर्ड करून न्यावेत, असं ठरवून शनिवारी शिरड शहापूरजवळच्या माहेरी गेले. हळदीचे दिवस होते. हळद शिजवायच्या कुकरची वाफ हिस म्हणून घेतली, गोठ्याचं फाटक क्रीक म्हणून. थडसाठी आईला पोतं आपटायला सांगितलं, तर तिनं ते लेकरू निजवावं तसं अलगद ठेवलं. "भरलेलं हाय, आपटू कसं?" जो हलका धप्प आला, तोच घेतला. राहिला स्नॅप. म्हणजे काडकन मोडल्याचा आवाज. त्यासाठी दादा होतेच.

दादा म्हणजे माझे वडील. गावात कुणाची हळद वाळली आणि कुणाची नाही, हे त्यांच्या कानावर ठरतं. लोक रुमालात चार हळकुंडं बांधून आणतात. दादा एक कानाशी धरून मोडतात. खणखणीत आवाज आला की म्हणतात, "वाजली." मग ती पोत्यात भरायची. न वाजलेली भरली तर आत बुरशी धरते आणि वर्षाची मेहनत वाया जाते. घाई करणाऱ्याला दादा सुनावतात, "पी हळद अन् हो गोरी, आसं न्हाई होत." त्यांनी माझ्या फोनसमोरही एक हळकुंड मोडून दिलं. चारही आवाज मिळाले आणि मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले.

रविवारी सकाळी चहाच्या वेळी मी दोघांची परीक्षाच घेतली. आवाज लावायचा, ओळखायचं. आईनं सगळे ओळखले. वाफेला दादा म्हणाले, "बोअरचं पानी." फाटकाला म्हणाले, "कुत्रं." आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. "दादा, नापास!" मीही खिदळले. मग त्यांचंच हळकुंड लावलं. दोनदा लावलं.

"लाव की," दादा म्हणाले.

माझं हसू तिथंच थांबलं. आईचं तर आधीच थांबलं होतं.

"तकलीफ तुह्या फोनात हाय," म्हणत दादांनी कप खाली ठेवला. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मला राग येतो. म्हणजे यंदा किती जणांची हळद यांनी नुसत्या अंदाजानं भरायला लावली? आणि हे गावाला कळलं, तर उद्यापासून आमच्या दारात रुमाल घेऊन कोण येणार? मी काही बोलणार, एवढ्यात शेजारचा शेतकरी रुमाल घेऊनच आला.

"काका, बघा बरं, वाजली का?"

दादांनी नेहमीसारखं हळकुंड कानाशी नेऊन मोडलं. दबका, ओलसर आवाज आला. मला तो दोन हातांवरून कळला. दादा तुकड्यावर अंगठा फिरवत राहिले. "बराबर वाज..." असं म्हणता म्हणता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार.

त्यांनी दुसरं हळकुंड उचललं आणि ते माझ्या कानाशी धरून मोडलं. "मला आयकू येऊन न्हाई राहिलं," शेजाऱ्यादेखत ते म्हणाले. "तू सांग."

"न्हाई वाजली, दादा," मी मोठ्यानं म्हणाले. "अजून ऊन पाहिजे."

शेजारी उठला आणि दादांना सोडून मला विचारू लागला, "मंगळवारी हायेस का तू इथं?"

दादांचा चेहरा मला बघवेना. पण दादाच बोलले.

"ती बाळापूरला असती. मंगळवारी मी हाय, अन् हिची माय हाय. बघायचं मी, आयकायचं तिनं." मग आईकडे न बघता म्हणाले, "तिला तर मी न बोललेलंबी आयकू येतं."

आईनं कानावरचा पदर मागं सारला, रुमालातलं तिसरं हळकुंड उचललं आणि दादांच्या हातात दिलं. "मोडा," ती म्हणाली.