ओड्वारच्या घराची लाल पाठ

गावातली कागदाच्या लगद्याची गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, पण ओड्वार हाउगेरुडचं मुकादमपण काही गेलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ तसाच. दुकानाच्या रांगेतही हा पाठीमागे हात बांधून असा उभा राही, की जणू लोक पाव घ्यायला नव्हे, कामाच्या पाळीवर आलेत.

त्याच्या घराची रस्त्याकडची भिंत पांढरी, बाकीच्या लाल. पांढरा रंग महाग होता तेव्हापासूनचा हा गावचा रिवाज: जग बघतं तिकडे पांढरं, मागे लाल. मजुरांच्या चाळी तर चहूबाजूंनी लाल. "लालवाले," ओड्वार त्यांना म्हणे, आणि नाक मुरडे.

यंदा गिरणीचं संग्रहालय झालं. पाहुणे होडीने यायचे ठरले, म्हणजे तळ्यावरून, थेट ओड्वारच्या घराच्या लाल पाठीसमोर! लोक आपल्याला मजूर समजतील, या भीतीने त्याने पांढरा रंग विकत आणला.

चाळीतली सिनोव्ह दारात आली. "शनिवारी चाळी रंगवायच्यात. श्रमदानाला येताय ना?"

"तुमच्या चाळी तुम्ही रंगवा. मला घरचं काम आहे."

इथे चर्च चुकवलेलं खपतं, श्रमदान नाही. सिनोव्ह वळून चाळीकडे गेली.

शनिवारी ओड्वार पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन मागच्या भिंतीशी शिडीवर चढला. अर्धी भिंत झाली. तेवढ्यात चाळीकडे नजर गेली आणि जुनी खोड उफाळून आली. "अरे ए, रंग ओघळतोय! खालून वर नाही, वरून खाली!" बोट दाखवायला तो वाकला आणि डब्यासकट धाडकन खाली आला. लोकांवर मुकादमी करताना स्वतःचाच पाय मोडून घ्यायला अक्कल लागते.

तो रुग्णालयात पडला. अर्धी लाल, अर्धी पांढरी भिंत बघून त्याची बायको बोर्गहिल्ड चाळीत गेली. दुसऱ्या दिवशी सगळे ब्रश घेऊन हजर. चाळींचा उरलेला रंग होता तो लाल.

होडीच्या दिवशी ओड्वार पायाला प्लास्टर घालून परतला आणि भिंत बघून किंचाळला, "हे कुणी केलं?"

"मी सांगितलं," बोर्गहिल्ड म्हणाली. "माझं स्वयंपाकघर जन्मभर याच लाल बाजूला आहे. तुला कधी दिसलं नाही."

मदत घेतली की खाऊ घालायचं, हीही इथलीच रीत. तिने त्याला अंगणात बसवून मांडीवर वॉफलच्या जाळीदार गोड धिरड्यांची परात ठेवली. "वाढ सगळ्यांना."

चाळवाले एकेक पुढे आले. प्रत्येकाचे त्याला आभार मानावे लागले.

तेवढ्यात होडीतून उतरलेल्या एका पाहुणीने लाल भिंत पाहिली. "काय हो, तुम्हीही इथल्या मजुरांपैकीच का?"

सगळ्यांचे घास तोंडात थांबले. सिनोव्ह त्याच्याकडेच बघत होती.

"हो," ओड्वार परातीत बघत म्हणाला. "जॅम घ्या थोडा."