ऐकणार कोण?

आमच्या बेव्हर्ली पार्क वसाहतीत कॉम्प्युटर जोडून देणारे एक काका होते. कुणी वेगळं साउंड कार्ड मागितलं, की छोटा स्क्रूड्रायव्हर कानामागे खोचत म्हणायचे, "मदरबोर्डमध्येच आवाजाची सोय असते की. ऐकणार कोण?" गिऱ्हाईक परतवायची ही काय तऱ्हा!

बाबा वारल्यानंतर मीही कार्ड मागायला काकांकडे गेले, तेव्हाही त्यांनी तेच विचारलं. "आई ऐकणार," मी जरा तोडूनच म्हटलं. "बाबांच्या आवाजाची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायचीय."

त्यांनी टेपरेकॉर्डर माझ्या कॉम्प्युटरला जोडून हेडफोनवर कॅसेट ऐकली, मग मलाही ऐकवली. बाबांच्या बोलण्यामागे मदरबोर्डची घरघर येत होती. त्यांनी स्वतःच्या मशीनमधलं कार्ड काढलं आणि माझ्या कॉम्प्युटरात बसवलं.

"आणि तुम्हाला, काका?"

"राहू दे, ताई," स्क्रू पिळत ते म्हणाले. "आमच्या म्हाताऱ्याचा आवाज कुणी भरूनच नाय ठेवला."