भोजराजभाऊच्या नावावरचं मत

पोटनिवडणूक लागली तेव्हा गाव विचारत होतं, उभं कोण राहते? भोजराज पटलेचा शक त्याच्याही आधीचा. जागा रिकामी झालीच कशी? आमदारानं तब्येतीपायी राजीनामा दिला म्हणे. "मागच्या बाजारी गोरेगावात दोन पिलेटा भजे खाल्ले त्यानं," भोजराज एक डोळा बारीक करून, प्रत्येक शब्दाला टेकू देत सांगे.

बावीस वर्षं तो पोलिंग एजंट होता. घरी दूध आलं तरी हुंगल्याशिवाय भांड्यात ओतू देत नसे. मेलेले, नागपूरला गेलेले, सासरी गेलेल्या पोरी, त्याच्या मतदार यादीत सगळ्यांच्या नावापुढं पेन्सिलीची फुली. आपल्या नजरेखालून एक बोगस मत गेलं नाही, एवढीच त्याची मिरवायची गोष्ट.

मतदान शाळेतल्या दोन खोल्यांत होतं. त्याचं स्वतःचं नाव एक नंबरच्या खोलीतल्या यादीत होतं. पण बसला तो दोन नंबरात, कारण टोलीवरचे, गावाबाहेरच्या वस्तीतले मतदार तिथं येत आणि टोलीवर त्याचा भरवसा नव्हता.

दहाच्या सुमारास लखन आला. दंडारीच्या नाटकात बाईचं काम करणारा. खेळ सुरू झालेले, म्हणून मिशी साफ, भुवया कोरलेल्या. यादीतल्या फोटोत मात्र झुबकेदार मिशी.

"हा लखन नाही," भोजराज उठला. "लखनचा लहाना भाऊ बिनमिशीचा असते, हा तोच. तो कोहमाऱ्याच्या धाब्यावर राहते, त्याचं नाव इथं नाही."

दोन रुपये भरून त्यानं रीतसर हरकत घेतली. पोलीस पाटलाला बोलावणं गेलं. रांग अडली. दोन्ही खोल्यांतले लोक, एजंटांसकट, दारात गोळा झाले. शेवटी लखननं दंडारीतल्या राणीच्या आवाजात विनवणी केली, बाया पदर तोंडाला लावून हसल्या, पाटलानं ओळख दिली आणि हरकत फेटाळली गेली.

पाच वाजता भोजराज आपलं मत द्यायला एक नंबरात गेला. कारकुनानं यादीवर बोट ठेवलं.

"तुमचं मत झालं."

"कवा?"

"सकाळी. तिकडं मिशीचं भांडण सुरू होतं तेव्हा."

रजिस्टरात सही होती, जिलेबीसारखी गोल. भोजराज तर उभी सही करे. त्यानं डावा हात पुढं केला. बोटाला शाईचा ठिपका नव्हता. केंद्राध्यक्ष म्हणाले, तुम्हीच भोजराज, हे गावातल्या कोणी सांगावं. व्हरांड्यात लखन बसला होता. त्याला बोलावलं.

लखननं एक डोळा बारीक केला. शब्दाला टेकू देत म्हणाला, "चेहरा भोजराजभाऊचाच दिसून राहिला, साहेब. पण मले थोडा शक हाये."

खोलीतला शिपाईही हसला. भोजराजच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मग लखननं सरळ आवाजात ओळख दिली.

भोजराजला मशीनऐवजी कागदाची मतपत्रिका मिळाली. ती पाकिटात बंद झाली, बोटाला शाई लागली.

"हे मोजतील का, साहेब?"

"बहुतेक नाही."

भोजराज शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचं डावं बोट पाहू लागला. सगळ्यांचीच काळी. त्यातलं एक त्याच्या नावानं काळं झालेलं.

लखन आला. न विचारता हात पुढं केला. "पाहून घ्या, भाऊ."

सकाळी ते खोटं मत पडलं त्या वेळी लखन आपल्याच समोर उभा होता, हे भोजराजला ठाऊक होतं. तरी त्यानं बोट धरलं, उजेडाकडं वळवलं आणि हुंगलं.