परभणीतली सुशीला

निजामाचे राज्य जाऊन काही वर्षे झाली होती, तरी पुण्याहून परभणीला जाणे म्हणजे आमच्या सासूबाईंच्या लेखी परदेशगमनच होते. "तिकडचं पाणी उकळून प्या," त्यांनी बजावले, "आणि कुणाशी वाद घालू नका. त्यांची भाषा वेगळी असते." पाणी मी पहिल्या दिवसापासून उकळले. भाषेचे मात्र मनावर घेतले नाही. मराठी ती मराठी, त्यात वेगळे ते काय असणार, असे मला वाटले.

मी फलक रंगवणारा पेंटर. परभणीला शेतीचे मोठे प्रदर्शन भरायचे होते आणि कमानीपासून बियाण्यांच्या तक्त्यांपर्यंत सगळे रंगवायचे काम मला मिळाले होते. एरवी मी उड्या मारत गेलो असतो. पण बायकोचे दिवस भरत आले होते. पहिल्या खेपेला मूल राहिले नव्हते आणि तीही जेमतेम वाचली होती. मी नाहीच म्हणणार होतो, तर तीच म्हणाली, "तुम्ही इथे राहून काय करणार? येरझाऱ्या. त्या परभणीला घाला. काही झालं की तार करू." मी निघालो, पण पाय घरातच राहिले.

मनमाडला मोठी गाडी सोडून छोट्या रुळांच्या गाडीत बसलो. बरोबर लाउडस्पीकरवाला बापू जाधव होता. बापू आणि त्याचे यंत्र, दोन्ही एकदा सुरू झाली की बंद व्हायला वेळ लागतो. वाटेत एका स्टेशनावर करोडगिरीच्या (जकातीच्या) माणसाने माझे रंगाचे डबे उघडायला लावले, निळ्यात बोट बुडवून हुंगले आणि ते माझ्याच पिशवीला पुसून "जाव" म्हणाला. जालना मागे पडल्यावर दोन्ही अंगांना काळी जमीन सुरू झाली. ज्वारी पोटऱ्यात आली होती. कापूस वेचणाऱ्या बायका ओटीत कापूस भरत होत्या आणि गाडीकडे मान वर करून बघायचीही त्यांना सवड नव्हती.

परभणीच्या स्टेशनावर टांगेवाल्याने विचारले, "काय करायलात इथं, साब?"

"करायला नाही, रंगवायला आलोय," बापू म्हणाला.

टांगेवाल्याने आम्हा दोघांना खालीवर न्याहाळले आणि घोडा हाकला. 'करायलात' म्हणजे 'करत आहात', हे कळायला आम्हाला एक दिवस गेला.

मैदानावर तंबूत आमची सोय केली होती. कमानीचे लाकूडकाम तिथल्याच तुकाराम मिस्त्रींकडे होते. माणूस मोठ्या आवाजाचा आणि त्याहून मोठ्या मनाचा. मी बोटाने दाखवावे आणि त्यांनी चौकट उभी करून द्यावी, असे आमचे जमून गेले. थंडी चांगलीच होती, रंग सकाळी घट्ट होऊन बसायचा. दुपारी मात्र मी काहीतरी निमित्त काढून तारऑफिसात जाऊन यायचो. तिथला तारवाला उस्मानभाई मला लांबूनच ओळखू लागला.

"न्हाई आली, पेंटरसाब," तो म्हणायचा. "आली की मी काय ठिवून घेतो व्हय?"

कुणाची तार, कसली तार, हे बापूला आणि मिस्त्रींना ठाऊक होते. बायकोचे नाव मात्र कुणालाच ठाऊक नव्हते. बापू तिला वहिनी म्हणतो, मिस्त्री 'तुमच्या घरचे' म्हणायचे, आणि मी तर घरातसुद्धा 'अगं' म्हणूनच भागवतो. लग्नात उखाण्यात घेतले, तेवढेच. पुढे चारचौघांत तिचे नाव घ्यायची वेळ आली नव्हती.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा तक्ता वाळत टाकला, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "रोज तंबूतली खिचडी खायलात. आज आमच्या गावचं खा. खाऊन तंबूतला सिनेमा बघू."

मी म्हणालो, "तार मैदानाच्या पत्त्यावर यायची आहे. तुम्ही जा."

"तारवाला उस्मान त्याच हाटेलात खायला येतो रोज. तार आली त तुमच्या ताटात यील."

मग गेलो.

हॉटेल स्टेशनजवळ, रुळांना लागून होते. धाब्याची (मातीच्या सपाट छपराची) लांबट खोली, चार बाकडी आणि मधोमध फुसफुसणारी बत्ती. मालक गंगाधरआप्पा कढईपाशी बसूनच सगळ्यांशी बोलत होते. मिस्त्रींनी धपाटे मागवले.

"धपाटे लहानपणी वडिलांच्या हातचे पोटभर खाल्लेत," बापू पाठ चोळत म्हणाला. पण समोर आले ते ज्वारीच्या पिठाचे तिखट, खमंग थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. बापूचे यंत्र बंद पडलेले मी प्रथमच पाहिले. मलाही कितीतरी दिवसांनी जेवणाची चव लागली. दुसऱ्या धपाट्याला हात घातला आणि दारातून खाकी कोट आत आला. उस्मानभाई होता. खांद्याला पिशवी तशीच होती.

माझा हात ताटातच थांबला. त्याने आमच्याकडे पाहिले नाही. तो सरळ आप्पांपाशी गेला आणि वाकून त्याने हळू आवाजात काहीतरी विचारले. आप्पांनी मान हलवली.

"सुशीला संपली, उस्मानभाई," ते म्हणाले. "सांच्यालाच संपली. लय येळ धरून ठिवली, पर न्हाई टिकली."

माझ्या बायकोचे नाव सुशीला.

पुढचे मला नीटसे आठवत नाही. मी उठलो एवढे खरे. कुणाला काही विचारावे, हे सुचलेच नाही. विचारले असते तर त्यांनी पुन्हा तेच सांगितले असते, आणि ते दुसऱ्यांदा ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. बाहेर पडलो, चपला बाकड्याखालीच राहिल्या. समोर रूळ होते. या रुळांनी आलो, या रुळांनीच जायचे, एवढेच डोक्यात होते. खडी टोचत होती. पहिल्या खेपेला ती शुद्धीवर आली तेव्हा मला म्हणाली होती, "तुम्ही इथेच होतात ना?" तेच एक वाक्य सारखे कानात येत होते. या खेपेला मी तिथे नव्हतो.

सिग्नलच्या खांबापाशी मिस्त्रींनी मला गाठले. मागून धापा टाकत बापू आला, त्याच्या हातात माझ्या चपला.

"पेंटरसाब, कुठं जायलात?"

"पुण्याला."

"अवो, हे रूळ पिंगळीला जायलेत. पुणं पाठीमागं ऱ्हायलं."

"सुशीला गेली," मी म्हणालो.

"गेली त गेली," मिस्त्री समजावत म्हणाले. "आप्पा दुसरी करतो म्हनायलाय."

मी त्यांची बंडी धरली. आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता, तो त्या दिवशी उगारला. "सुशीला माझी बायको आहे," मी म्हणालो. सगळ्या जगासमोर तिचे नाव मी असे घेतले, रुळांमध्ये, अनवाणी.

 मिस्त्रींनी माझा हात बंडीवरून सोडवला नाही, वरून स्वतःचा हात ठेवला. "देवा," ते म्हणाले. "तसं न्हाई हो. सुशीला खायची असती. मुरमुऱ्याची. भिजवून, पिळून, फोडणी दिऊन करतेत. उस्मान रोज ती खायला येतो. तार न्हाई आली, कायबी न्हाई झालं."

मला ते दोनदा ऐकावे लागले. मग मी रुळावरच बसलो आणि रडलो. बापूने माझ्या पायांपाशी चपला जोडून ठेवल्या. थोड्या वेळाने म्हणाला, "नाव घेतलंस, पण उखाणा राहिला." त्यावर तिघेही इतके हसलो की स्टेशनातून कंदील घेऊन एक माणूस बघायला आला.

परत हॉटेलात गेलो आणि मिस्त्रींच्या मोठ्या आवाजामुळे सगळ्यांना सगळे कळले. आप्पांनी कढई पुन्हा चढवली होती. मोहरी, हिरवी मिरची, कांदा, भिजलेले मुरमुरे, वरून दाण्याचे कूट आणि कोथिंबीर. पहिली थाळी माझ्यासमोर ठेवून ते ओशाळून म्हणाले, "आता सांगायची चोरी झाली बगा. संपली तरी हायच म्हनावं लागंल." उस्मानभाईने शपथेवर सांगितले की तार आली तर मध्यरात्रीही तंबू गाठीन. सुशीला मऊ, तिखट आणि गरम होती. मी तीन थाळ्या खाल्ल्या. सिनेमा राहूनच गेला.

तार दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मी कमानीला शेवटचा हात देत शिडीवर होतो. उस्मानभाई सायकलवरूनच ओरडत आला, "हाय, पेंटरसाब, हाय." शब्द दोनच होते, 'दोघी सुखरूप'. 'दोघी'वर माझी नजर खिळून राहिली, कारण त्यात मुलगीही होती आणि तिची आईही. बापूने लाउडस्पीकर तपासण्याच्या निमित्ताने ही बातमी सगळ्या मैदानाला दिली. बैलजोड्या घेऊन आलेल्या शेतकऱ्यांनी फेटे सावरत वर माझ्याकडे पाहिले आणि एका म्हाताऱ्याने, ओळख ना पाळख, हात जोडले. उद्घाटन थाटात झाले म्हणतात. मला त्यातले काही आठवत नाही.

निघताना आप्पांनी मुरमुऱ्यांची पिशवी बरोबर दिली. मुरमुरे पुण्यातही मिळतात, हे त्यांना सांगवले नाही.

घरी पोहोचल्यावर आठवड्याने मी स्वतः फोडणी दिली. सासूबाई नाक मुरडून बघत राहिल्या. बाळंतिणीला तिखट नको म्हणून तिची थाळी बिनमिरचीची केली. मुलगी पाळण्यात झोपली होती. खाता खाता मी हिला सगळी हकिकत सांगितली. धपाट्यांवर ती हसली, उस्मानभाईवर हसली. रुळांवर आलो तेव्हा हसायची थांबली.

"आणि तसेच चालत पुण्याला येणार होतात?"

"येणार होतो. पण पिंगळीकडून."

तिने पदराने डोळे पुसले, हसून की कशाने, ते मी विचारले नाही. प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. मी परमुलखात जाऊन एकच शब्द शिकून आलो, आणि तोही माझ्याच घरातला निघाला.

माझी थाळी रिकामी झाली होती. एरवी 'अगं' म्हणून भागले असते.

"सुशीला," मी म्हणालो, "आहे का अजून?"

सासूबाईंनी चमकून वर पाहिले. ही मात्र लाजली नाही की दचकली नाही. माझी थाळी तिने हातातून घेतली.

"आहे," ती म्हणाली.